सेल्फ जड का फिरतो? एका जुन्या स्पोर्ट्स कारने शिकवलेला विजेचा पाठ



आजचा पाठ कुठल्याही इयत्तेच्या पुस्तकात नाही. पण वाचून झाल्यावर तुम्हीच सांगा, वर्गात घेण्यासारखा आहे की नाही.

आधी थोडं घरचं सांगते. माझ्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडच्या मागे ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. बॅटरी, डायनमो आणि सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर. पुस्तकी नाव स्टार्टर मोटर, पण आपल्याकडे ट्रॅक्टरवाल्यापासून जीपवाल्यापर्यंत सगळे 'सेल्फ'च म्हणतात. डी.एड.ला जाईपर्यंत माझ्या सगळ्या सुट्ट्या त्या दुकानात गेल्या. कॉम्युटेटर पॉलिश पेपरने घासायचं काम माझ्याकडे असायचं. आता दुकान बंद आहे, अण्णांचा हात थरथरतो, पण कान शाबूत आहे.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी रात्री माझ्या आतेभावाचा व्हिडिओ कॉल आला. तो इंग्लंडमध्ये नोकरीला असतो आणि त्याच्याकडे १९७२ सालची एमजीबी आहे. ही दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन गावच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ती बनत होती. इंजिन चार सिलिंडरचं, १७९८ सीसीचं. त्याने ती जुनाट अवस्थेत घेतली, दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये राबून दुरुस्त केली, रंगवली. पहिले काही महिने ठीक चालली. मग सेल्फ जड फिरायला लागला. चावी फिरवली की इंजिन कण्हल्यासारखं अर्धा फेरा घेणार, थांबल्यासारखं होणार, परत अर्धा फेरा. पाचातून तीन वेळा सुरूच होत नव्हती.

"ताई, दोन्ही बॅटऱ्या नव्या घातल्या. सेल्फ नवा बसवला. फरक शून्य. आता विकूनच टाकतो, घरात रोज बोलणी बसतायत," तो म्हणाला.

अण्णा शेजारच्या खाटेवर आडवे होते. तिथूनच म्हणाले, "त्याला म्हणावं, आवाज ऐकव."

इथे थांबून तुम्हाला एक सांगते, कारण निदानाची पहिली पायरी हीच आहे. 'गाडी सुरू होत नाही' ही तक्रार झाली, लक्षण नव्हे. चावी फिरवल्यावर नुसतं 'टक्' वाजून सगळं शांत झालं तर ती एक गोष्ट. सेल्फ 'घुर्रर्र' करून एकटाच जोरात फिरतो आणि इंजिन हलतच नाही, ही दुसरी. म्हणजे सेल्फचे दाते इंजिनच्या चाकात अडकत नाहीयेत. इंजिन भराभर फिरतंय पण पेटत नाही, ही तिसरी. तिथे पेट्रोल आणि ठिणगी बघायची, सेल्फच्या वाटेला जायचं नाही. आणि इंजिन फिरतंय, पण जड, हे चौथं. आपला पाठ फक्त या चौथ्याचा. चांगल्या अवस्थेत अशा इंजिनला सेल्फ मिनिटाला साधारण दीडशे-दोनशे फेरे देतो. याचं इंजिन त्याच्या निम्मेही घेत नव्हतं, हे कानालाच कळत होतं.

जड फिरण्याची कारणं अण्णा दोन बोटांवर सांगतात. एक तर सेल्फला हवी तेवढी वीज पोचत नाही, नाहीतर पोचते पण पुढचं काहीतरी जाम आहे. बाकीचं सगळं या दोन बोटांच्या पोटात येतं.

मी भावाला विचारलं, "बॅटरीचं व्होल्टेज किती?"

"बारा पॉइंट सहा. एकदम फुल."

आणि तिथेच तो इतके दिवस फसला होता. बंद गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, याचा अर्थ ती भरलेली आहे एवढाच. सेल्फपर्यंत काय पोचतं हे त्यातून कळत नाही. मुलांना सांगताना मी नळाचं उदाहरण घेते. टाकी भरलेली आहे, पाइपात मध्येच गाळ साचलाय, आणि नळ बंद आहे. आता नळापाशी दाब मोजला तर पूर्ण येईल. पाणी वाहतच नाही तर गाळ अडवणार काय? नळ सोडला की धार करंगळीएवढी. गाळ आहे की नाही हे पाणी वाहत असतानाच कळतं.

गाडीतलं 'वाहणं' केवढं असतं बघा. समोरचा एक दिवा साधारण चार-पाच अँपिअर विद्युतधारा घेतो. दोन्ही मिळून दहा धरा. सेल्फ एवढं इंजिन फिरवताना दीडशे अँपिअरच्या आसपास घेतो, सुरुवातीच्या क्षणी त्याहून जास्त. आता वाटेत कुठेतरी ०.०२ ओहमचा रोध आहे असं समजा. दिव्यांच्या दहा अँपिअरला तिथे १० गुणिले ०.०२, म्हणजे ०.२ व्होल्ट कमी होतील. डोळ्याला काही कळणारसुद्धा नाही. दीडशे अँपिअरला मात्र तिथेच ३ व्होल्ट गेले! बारातले तीन. म्हणून 'दिवे लख्ख लागतात, हॉर्न वाजतो, म्हणजे वायरिंग ठीक आहे' हे म्हणणं सेल्फच्या बाबतीत टिकत नाही. आणि हा ०.०२ ओहम साध्या मल्टिमीटरच्या ओहमच्या खुणेवर सापडत नाही. मीटरच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो. शंभर तारांच्या केबलमधल्या नव्व्याण्णव तारा तुटल्या तरी तो मीटर 'जोड आहे' असंच सांगणार.

हे गणित ज्याच्या नावावर आहे तो गेओर्ग ओहम स्वतः शाळामास्तर होता, हे मला डी.एड.च्या वर्षी कळलं आणि फार बरं वाटलं होतं. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या एका कुलूपवाल्याचा मुलगा. कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवता शिकवता त्याने प्रयोग केले आणि १८२७ मध्ये पुस्तक छापलं. सुरुवातीला त्याच्या देशातल्या विद्वानांनी फारशी दखल घेतली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ले पदक दिलं ते १८४१ मध्ये. वर्गात नियम सांगण्याआधी मी हा कुलूपवाल्याचा मुलगा सांगते. मुलं नियम विसरतात, त्याला विसरत नाहीत.

असो. गाडीकडे येऊ.

भावाने बोलता बोलता सहज एक गोष्ट सांगितली. "चोकचं बटण हल्ली गरम लागतं, आणि केबलचं वरचं आवरण मऊ पडलंय. ती पण बदलावी लागेल." अण्णा ताडकन उठून बसले. म्हणाले, "त्याला सांग, आता चावीला हात लावायचा नाही. आधी बॅटरीची अर्थ काढ म्हणावं."

का, ते सांगते. गाडीत सगळीकडे दोन-दोन वायरी ओढलेल्या नसतात. बॅटरीचं एक टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं आणि परतीची वाट म्हणून पत्राच वापरला जातो. आपण त्याला बॉडी अर्थ म्हणतो. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत धन टोक पत्र्याला असायचं, त्यानंतर ऋण. सेल्फ मात्र पत्र्यावर बसवलेला नसतो, तो इंजिनवर असतो. आणि इंजिन धक्के बसू नयेत म्हणून रबरी ठोकळ्यांवर ठेवलेलं असतं. रबरातून वीज जात नाही. मग इंजिन ते पत्रा अशी जाड तारांची एक पट्टी लावतात. सेल्फचे दीडशे अँपिअर त्या पट्टीतून परत जातात. ती पट्टी बिघडली तर वीज दुसरी वाट शोधते. इंजिनला लोखंडाने जोडलेलं आणखी काय आहे? चोकची केबल आणि ॲक्सिलरेटरची केबल. या बारीक पोलादी केबलमधून एवढी धारा गेली की त्या तापतात, लाल होऊ शकतात. आणि त्या जाऊन टेकतात कुठे, तर कार्बोरेटरला, जिथे पेट्रोल असतं.

भावाचा चेहरा उतरला. इतके दिवस त्याला वाटत होतं की आपला प्रश्न पैशांचा आणि मनस्तापाचा आहे. तो रोज सकाळी पेट्रोलशेजारी शेगडी पेटवत होता.

तरी अण्णांनी 'अर्थ खराब आहे, बदल' असं सांगितलं नाही. "संशय आहे तो. मोजल्याशिवाय बोलू नये. एकच मोजणी करायची आणि केबल तापू द्यायची नाही," असं त्यांचं म्हणणं. बॅटरी बदलली, सेल्फ बदलला, तसाच अंदाजाने पट्टाही बदलला तर तो धंदा झाला, निदान नाही झालं. (पालकांनो, मार्क कमी आले की आपण आधी क्लास बदलतो, मग गाइड, मग शाळा. मुलाला फळ्यावरचं दिसतं का, हे बऱ्याचदा शेवटी विचारतो. माझ्याच वर्गात मी हे केलेलं आहे.)

दुसऱ्या दिवशी दोघं नवरा-बायको मिळून बसले, कारण हे काम एकट्याचं नाही. एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने मीटर धरायचा. आधी चोकची आणि ॲक्सिलरेटरची, दोन्ही केबल कार्बोरेटरपासून सोडवून बाजूला केल्या. इग्निशन कॉइलची बारीक वायर काढून ठेवली, म्हणजे इंजिन फिरेल पण पेटणार नाही. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवलेलं. बॅटरीच्या दोन टोकांत अंगठी अडकली तर बोट भाजतं, हे मी दुकानात डोळ्यांनी पाहिलंय. प्रत्येक वेळी चावी फक्त चार-पाच सेकंद, आणि मध्ये विश्रांती.

या गाडीची आणखी एक गंमत. तिच्यात बारा व्होल्टची एक बॅटरी नाही, सहा-सहा व्होल्टच्या दोन आहेत, त्याही सीटच्या मागे, फळीखाली. दोन्ही एकापुढे एक जोडलेल्या. म्हणजे जोड दुप्पट, आणि पुढच्या सेल्फपर्यंत लांबलचक केबल गाडीच्या पोटाखालून आणलेली. दोनपैकी एक बॅटरी जरी मरगळली तरी ती दुसरीलाही खाली ओढते, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या मोजायच्या.

पहिली मोजणी: चावी फिरवलेली असताना दोन्ही बॅटऱ्यांवर ५.६ आणि ५.६ व्होल्ट. एकूण ११.२.

हा आकडा ऐकून अण्णा हसले. इथे नीट लक्ष द्या, कारण निम्मं निदान या एका आकड्यात आहे. सेल्फ जड फिरत असताना बॅटरी जर नऊ व्होल्टच्याही खाली कोसळली, तर एक तर बॅटरीत दम नाही किंवा सेल्फ भरमसाट धारा ओढतोय. पण इथे सेल्फ रडतोय आणि बॅटरी ११.२ वर आरामात बसलीय. म्हणजे तिच्याकडून कोणी फारसं काही मागतच नाहीये. धाराच कमी वाहतेय. वाटेत गाळ आहे!

मग सेल्फवर मोजलं. मीटरचं एक टोक सेल्फच्या जाड बोल्टवर, दुसरं सेल्फच्याच अंगावर. ८.१ व्होल्ट. बॅटरीतून ११.२ निघाले, सेल्फला ८.१ मिळाले. वाटेत ३.१ गेले. आता ते कुठे गेले तेवढंच शोधायचं.

जाण्याची वाट: मीटरचं एक टोक बॅटरीच्या धन खुंटीवर, दुसरं सेल्फच्या बोल्टवर. खुंटीवर म्हणजे शिशाच्या खुंटीवरच, तिच्यावरच्या क्लॅम्पवर नव्हे. नाहीतर खुंटी आणि क्लॅम्प यांच्यातली खराबी मोजणीतून सुटते. आकडा आला ०.३. एवढ्या लांब केबलला हे चालतं. अण्णांच्या मते अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेलं तर शोधायला लागायचं.

परतीची वाट: ऋण खुंटी ते सेल्फचं अंग. २.८ व्होल्ट.

३.१ चा हिशोब लागला. मग परतीच्या वाटेचे दोन तुकडे केले. ऋण खुंटी ते गाडीचा पत्रा ०.१. पत्रा ते इंजिन २.७. सापडला! शंभर अँपिअर धरले तरी त्या एका जोडावर २७० वॅटची उष्णता तयार होत होती.

आता कारण ऐका. पट्टी चांगली होती, तीही त्याने नवीनच घातली होती. पण त्याआधी दोन वर्षं खपून त्याने पत्र्याला सुंदर रंग दिला होता, दोन हात प्रायमर आणि वर चकचकीत थर. पट्टीचं टोक त्या रंगावर घट्ट आवळलेलं. रंगातून वीज जात नाही. मग इतके महिने गाडी चालली कशी? बोल्टच्या आट्यांमधून, जिथे थोडं उघडं लोखंड एकमेकांना लागत होतं. पुढे पावसाळी हवेने त्या आट्या गंजल्या, ती चिंचोळी वाटही आखडली, आणि चोकच्या केबलवर भार आला. म्हणजे गाडी ज्या हातांनी सजवली, त्याच हातांनी ती अडवली गेली होती. भावाला हे पचायला वेळ लागला.

दुरुस्तीला फार तर अर्धा तास लागला. बॅटरीची अर्थ आधी काढायची. बोल्टभोवती टोकाएवढ्या गोलातला रंग घासून पांढरं लोखंड दिसेपर्यंत साफ. पट्टीचं टोकही घासलं. दातेरी वॉशर घालून आवळलं, वरून व्हॅसलीनचा हात फिरवला म्हणजे ओल लागत नाही. चोकची केबल नवीन टाकली, ती मात्र खरंच गेली होती.

परत मोजलं. सेल्फला आता ९.९ व्होल्ट, परतीच्या वाटेत एकूण ०.२, जाण्याच्या वाटेत ०.४, आणि बॅटरीवर १०.५. भाऊ घाबरून म्हणाला, "ताई, बॅटरीचं तर कमी झालं की! आधी ११.२ होतं." तुमच्या वर्गातल्या हुशार मुलाला हा प्रश्न नक्की विचारा. सेल्फ जोरात फिरतोय आणि बॅटरीचं व्होल्टेज उतरलं, असं का? वाट मोकळी झाली, धारा वाढली, म्हणून बॅटरीच्या आतल्या रोधात जास्त व्होल्ट खर्च झाले. धन बाजूचे ०.३ चे ०.४ झाले ते त्यामुळेच. निरोगी गाडीत बॅटरी थोडी वाकणारच. ती अजिबात वाकत नसेल तर काळजी करायची.

आता दुसऱ्या बोटाबद्दल थोडक्यात, म्हणजे वीज पोचते पण पुढचं जाम आहे तेव्हा. अशा वेळी धारा जास्त दिसते आणि बॅटरी कोसळते. सेल्फच्या आतले बुश झिजले की आर्मेचर बाजूच्या लोखंडाला घासत फिरतं. थंडीत घट्ट ऑइल असेल तर इंजिनच जड होतं, आणि त्याच थंडीत बॅटरीही दुबळी होते, म्हणून तिकडच्या लोकांना हा त्रास डिसेंबर-जानेवारीत जास्त. गाडी थंड असताना ठीक आणि तापल्यावर जड असेल तर ठिणगीची वेळ फार पुढे गेलीय का बघायचं. पिस्टन वर पोचण्याच्या बराच आधी स्फोट झाला तर तो सेल्फलाच उलटा ढकलतो. याची परीक्षा सोपी आहे. कॉइलची वायर काढून सेल्फ मारा, इंजिन हलकं फिरलं तर दोष टायमिंगचा. आणि चारही प्लग काढून इंजिन हाताने फिरवून पाहिलं की इंजिनच आवळलंय का तेही कळतं.

वर्गासाठी या सगळ्याचा प्रयोग असा करा. दोन पेन्सिल सेल एकापुढे एक, टॉर्चचा जुना तारेचा बल्ब (एलईडी नको, तो फार कमी धारा घेतो), थोडी वायर आणि दोन्ही टोकांना तासलेली एक छोटी शिसपेन्सिल. ही पेन्सिल म्हणजे आपला खराब जोड. आधी बल्ब न लावता पेन्सिलीच्या पलीकडे मीटरने मोजा, जवळजवळ पूर्ण ३ व्होल्ट येतील. मुलांना विचारा, बल्ब कसा लागेल? सगळी ओरडतील, "लख्ख!" मग बल्ब जोडा. तो मिणमिणेल किंवा लागणारच नाही. आता मीटर पेन्सिलीच्या दोन टोकांना लावा, हरवलेले व्होल्ट तिथे सापडतील. मग पेन्सिल काढून तिच्या जागी एक खिळा लावा, बल्ब उजळेल. दुसऱ्या खिळ्याला आदल्या दिवशी नेलपॉलिश लावून ठेवा आणि मुलांनाच शोधू द्या की बल्ब का विझला. माझ्या सातवीच्या वर्गात एका मुलीने काही न विचारता खिळा दगडावर घासला आणि परत जोडला.

मीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. प्रयोगाच्या साहित्यात नसेल तर गावातल्या इलेक्ट्रिकवाल्याकडून तासाभरासाठी मागून आणा, आणि जमलं तर त्यालाही वर्गात घेऊन या.

भावाचा जुना सेल्फ अजून त्याच्या गॅरेजमध्ये खोक्यात आहे. अण्णांनी तो टाकू दिला नाही. टेबलावर तपासून घे म्हणाले, त्यात काही बिघाड नसणार. गेल्या महिन्यात त्याने तपासून घेतला. ठणठणीत होता.